सातच्या मागे दोन

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. तिथे मी कंट्रोल पॅनल बनवतो. लिफ्टचे, सोसायटीच्या पाण्याच्या पंपांचे, कधी एखाद्या भांड्यांच्या कारखान्याचे. एकोणीस वर्षांपूर्वी मीरा रोडच्या एका नर्सिंग होमसाठी मी पेशंटच्या बेलचं पॅनल बनवून दिलं होतं. त्या पॅनलपायी आनंदी सिस्टरची नोकरी गेली. आणि मृणालिनीबाई गेल्या. त्यांना मी जिवंतपणी कधी पाहिलं नाही.

ते पॅनल कसं चालायचं ते आधी सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

नर्सिंग होममध्ये सात बेड. प्रत्येक बेडजवळ दोरीला लटकणारं एक बटण. पेशंटने ते दाबलं की उशाशी लाल दिवा लागायचा, आणि सिस्टरच्या टेबलावर बेडचा नंबर यायचा. सिस्टर तिथे जाऊन भिंतीवरचं हिरवं बटण दाबेपर्यंत हाक चालू राहायची. सात तारा आणून टेबलावर सात दिवे लावले असते तर काम सोपं होतं. पण तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांना आकडा हवा होता, कॉरिडॉरमधूनही दिसेल असा ठसठशीत.

आकड्यासाठी एन्कोडर लागतो. काळी, नखाएवढी चिप असते. आठ तारा आत जातात आणि तीनच बाहेर येतात. कुठल्या तारेवर हाक आली ते ती तीन तारांवर शून्य आणि एकमध्ये मांडते. दोन नंबर असेल तर शून्य-एक-शून्य. पाच असेल तर एक-शून्य-एक. पुढची चिप त्यावरून आकडा पेटवते. पण तीन तारांवर एका वेळी एकच आकडा मावतो. साध्या एन्कोडरला दोन आणि पाच एकदम दिले तर दोघांची सरमिसळ होऊन तो चक्क सात दाखवेल. असं होऊ नये म्हणून मी प्रायॉरिटी एन्कोडर घातला होता. तो आलेल्या हाकांमधली मोठ्या नंबरची घेतो आणि लहान मागे ठेवतो. मोठी बंद झाली की मग लहान दिसते.

हे मी मोठ्या डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "बरोबरच आहे की, घाणेकर. सिरियस पेशंट मी टेबलाशेजारच्या खोलीत ठेवतो, सहाला, सातला. त्यांचा नंबर आधी दिसायलाच हवा. एक-दोनला घरी जायला आलेले असतात. सिस्टरना मी सांगेन, एक बंद करून आलात की पुन्हा बोर्ड बघा म्हणून."

पुढे वर्षभराने त्यांनी आणखी एक बदल करायला सांगितला. बझर सतत वाजायचा, पेशंटची झोपमोड व्हायची. मी तो असा केला की पहिल्या हाकेला एकदाच वाजेल आणि गप्प बसेल. बोर्ड शून्यावर आल्याशिवाय तो पुन्हा वाजणार नाही. म्हणजे आधीची हाक चालू असताना दुसरी आली तर आवाजच नाही. हेही मला ठाऊक होतं. टेबलावर तेव्हा नेहमी दोन सिस्टर असायच्या, म्हणून चालून गेलं.

मोठे डॉक्टर सहा वर्षांपूर्वी वारले. आता त्यांचा मुलगा, डॉक्टर पराग, सगळं बघतो. सिस्टर बदलत गेल्या. बोर्ड पुन्हा बघायचा हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मीही नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टर परागचा फोन आला. "काका, उद्या जरा येऊन जा. बेलचं पॅनल चेक करायचंय. आणि लेटरहेड आणा, लिहून द्यावं लागेल."

मी गेलो. खाली वॉचमन शिवा ओळखीचा. जिना चढताना त्यानेच सांगितलं, "परवा दोन नंबरची बाई गेली ना. दुपारीच. पोरीने फार तमाशा केला. केला म्हणजे काय, आईच गेली तिची."

दोन नंबर म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाची स्पेशल रूम. एसीमुळे दार कायम लावलेलं. मृणालिनीबाई दादरला शाळेत गणित शिकवायच्या. रिटायर झाल्यावर मुलीबरोबर इथे मीरा रोडला, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आल्या. न्यूमोनिया होऊन गेला होता, दोन दिवसांत डिस्चार्ज मिळणार होता. मुलगी रुचिता दुपारी आंघोळीला आणि डबा करायला घरी गेली. चार वाजता परत आली, दार उघडलं, तर उशाशी लाल दिवा पेटलेला, बटण आईच्या मुठीत, आणि आई गेलेली. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असं डॉक्टरांचं म्हणणं. वेळेवर कुणी पोचलं असतं तर वाचल्या असत्या का, यावर ते म्हणाले, सांगता येत नाही.

रुचिताचा प्रश्न एकच होता. दिवा पेटला होता, म्हणजे आईने हाक मारली होती. मग कुणी गेलं का नाही?

त्या दुपारी टेबलावर एकटी आनंदी सिस्टर होती. दुसरी जेवायला गेली होती. आनंदी भाईंदरजवळच्या मोरवा गावची, पस्तिशीची, बारा वर्षं तिथेच नोकरीला.

मी टेस्ट सुरू केली. डॉक्टर पराग टेबलापाशी उभे राहिले आणि मी एकेका बेडजवळ जाऊन बटण दाबत गेलो. एक दाबलं, एक आला. बंद केलं. दोन दाबलं, दोन आला. बंद केलं. असे सातही. एकही चुकला नाही.

"ओके आहे ना सगळं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओके आहे."

"मग तसं लिहून द्या. पॅनल व्यवस्थित चालू स्थितीत आहे म्हणून. त्या मॅडमना दाखवायला लागेल."

मी लिहिलं. सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात औषधांच्या कपाटाजवळून आनंदी पुढे आली. डोळे सुजले होते तिचे.

"काका, त्या दिवशी दोन आलाच न्हाय. देवाशप्पथ सांगते. मी बसून नव्हते. फोनवर पन नव्हते."

"पॅनल तर बरोबर दाखवतंय, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "आत्ता तुमच्यासमोरच बघितलं ना?"

मी तिला विचारलं, "मग तेव्हा बोर्डावर काय होतं?"

"सात. सारखा सात. शाहकाका सारखे बेल मारत होते. 'बेन, ओ बेन' करत. मी जायची, बंद करायची, त्यांना समजवायची, टेबलापर्यंत यायची, तर परत सात."

शाहकाका म्हणजे सात नंबरचे म्हातारे गुजराती गृहस्थ. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि भूल उतरल्यापासून त्यांना आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं.

ती बोलत होती आणि मला दिसायला लागलं. ही सातच्या बेडपाशी उभी राहून हिरवं बटण दाबते. इकडे रिकाम्या टेबलावर सात जातो आणि त्याच्या मागचा दोन वर येतो. बझर वाजत नाही, कारण हाक चालूच आहे. ही टेबलाशी पोचायच्या आत शाहकाका पुन्हा बटण दाबतात. दोन मागे जातो. ही येऊन बघते तर सात. बोर्ड बघ म्हणून तिला कुणी सांगितलं असतं तरी तिला सातच दिसला असता.

मी सही केलेला कागद डॉक्टरांच्या हातात होता. शाई पुरती वाळलीही नसेल. एवढंच बोलायचं होतं, डॉक्टर, थांबा, दोन बटणं एकदम दाबून बघू. मी नाही बोललो. टूलबॉक्स बंद केला, "निघतो," म्हटलं आणि जिना उतरलो. तोंडातून शब्द का आला नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती होतीच. पण त्याहून जास्त, इतकी वर्षं मी त्या पॅनलकडे माझं चांगलं काम म्हणून बघत आलो होतो.

घरी सुगंधाने ताट वाढलं. मी नुसता भात चिवडत बसलो.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

बत्तीस वर्षं संसार झालाय आमचा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताट उचलून घेऊन गेली.

चार दिवसांनी मी शिवाला फोन केला, उगाचच, तब्येत विचारायला. तो म्हणाला, "आनंदी सिस्टरला काढलं, काका. तुमचा तो कागद होता ना, त्यावरच. त्या मॅडमने नर्सिंग कौन्सिलकडे तक्रारीचा अर्ज पन दिलाय, तिला कुठेच काम मिळू नये म्हणून."

त्या दिवशी मी गाळ्यातली सगळी कामं बाजूला ठेवली. एका पाटीवर सात बटणं बसवली, तीच चिप लावली, एक आकडा लावला आणि नर्सिंग होममध्ये गेलो. डॉक्टर परागना केबिनमध्ये दाखवलं. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि मागे टेकून बसले.

"हे पप्पांना माहीत होतं?"

"होतं. मलाही होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही."

त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, "काका, तुमचा कागद मी त्यांना दिलाय. आता उलटं सांगायचं म्हणजे काय होईल, कळतंय ना? पॅनल बदलून टाका. आजच बदला. बाकीचं राहू द्या."

"आनंदीचं काय?"

"मी बघतो काहीतरी. दुसरीकडे चिकटवतो तिला."

ते वाईट नाहीत. घाबरले होते, मी घाबरलो होतो तसेच. पण मी पाटी उचलली आणि तिथून सरळ पूनम सागरला गेलो. पत्ता शिवाने दिला.

दार रुचितानेच उघडलं. तिशीतली मुलगी, अंधेरीला ऑफिसात असते. हॉलमध्ये आईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मी नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "तुम्ही तेच ना, ज्यांनी लिहून दिलंय?"

"हो. जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. पाच मिनिटं द्या मला."

तिने आत घेतलं. मी डायनिंग टेबलवर पाटी ठेवली, वायर जोडली. शून्य पेटलं.

"दोन दाबा," मी म्हटलं, "आणि बोट सोडू नका. या पाटीवर हाक आपोआप धरून राहत नाही."

तिने दोनवर अंगठा ठेवला. दोन आला.

मी सात दाबलं. दोन गेला, सात आला.

"मी दाबून धरलंय अजून," ती म्हणाली.

"माहीत आहे."

मी सात सोडलं, दोन आला. पुन्हा दाबलं, सात. तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा तिला कळलं. मी समजावायला लागलो, शाहकाकांचं, बझरचं, मोठ्या डॉक्टरांचं, पण ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचा अंगठा दोनवरच होता. मी वायर काढली, आकडा विझला, तरी तिने अंगठा उचलला नाही.

"आई किती वेळ दाबत होती?" तिने विचारलं.

"ते नाही सांगता येणार. त्या पॅनलला वेळ लक्षात ठेवता येत नाही."

"अंदाजे?"

"नाही सांगता येणार, ताई."

ती उठून गॅलरीत गेली. मी बसून राहिलो. परत आली तेव्हा तोंड धुऊन आली होती.

"त्या सिस्टरला मी काय काय बोलले, माहितीये तुम्हाला? सगळ्यांसमोर. खुनी म्हणाले तिला. ती हात जोडून उभी होती आणि मी बोलतच होते." ती खुर्चीत बसली. "मी पण तीन तास लावले घरी. आंघोळ केली, डबा केला, मग पंधरा मिनिटं पडले. नुसती पडले हो. त्या पंधरा मिनिटांचं मला काही करता येत नव्हतं, म्हणून मग तिला बोलले."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्हाला जिथे तक्रार करायची तिथे करा. मी येऊन सांगेन, हे दाखवेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडेल असं मला वाटलं. खरं तर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही चार दिवस का थांबलात?"

 "घाबरलो होतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने आनंदीविरुद्धचा अर्ज मागे घेतला. माझ्याबद्दल जे लिहायचं ते तिने लिहिलं आणि मी कबूल केलं. डॉक्टर परागनीही शेवटी जबाब दिला, खरं तेच सांगितलं. त्याचं काय व्हायचं ते अजून चालू आहे. नर्सिंग होममधलं जुनं पॅनल मी स्वतः काढलं आणि तिथे सात बेडचे सात दिवे लावले. एन्कोडर नाही, आकडा नाही. ज्याने हाक मारली त्याचा दिवा पेटतो, मग दुसरा कुणी मारो वा न मारो, आणि प्रत्येक नव्या हाकेला बझर वाजतो. एका दिवसाचं काम होतं. ते करताना मनात सारखं येत होतं की हे तेव्हाही एका दिवसाचंच होतं.

डॉक्टरांनी आनंदीला परत बोलावलं. ती गेली नाही. फोनवर मला म्हणाली, "न्हाय काका, त्या कॉरिडॉरमधून आता चालवणार न्हाय मला."

मी हे रुचिताला सांगितलं. ती म्हणाली, "मला घेऊन चला तिच्याकडे."

रविवारी आम्ही भाईंदर स्टेशनबाहेर पश्चिमेला भेटलो आणि रिक्षा करून मोरव्याला गेलो.  आनंदीचं घर गावात आत आहे, पुढे अंगण. सासू दारात बसून सुकट निवडत होती. आनंदी बाहेर आली, रुचिताला बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"मी माफी मागायला आलेय," रुचिता म्हणाली.

 सासूनेच म्हटलं, "उन्हात कशाला, आत या," आणि सुपडं उचलून बाजूला सरकली.

आत आम्ही बसलो. पाणी झालं, चहा झाला. रुचिताने पुन्हा सुरुवात केली, "मी तुम्हाला जे बोलले..."

"तुमी आईला तशा हालतीत बघितलं होतं," आनंदी म्हणाली. "मी पन बोलली असती." मग थोडं थांबून म्हणाली, "पन मला राग हाय अजून. खोटं कशाला सांगू? बारा वर्षं काम केलं मी. नवरा पन पहिल्या दिवशी म्हनाला, खरंच ऐकू आलं न्हाय का तुला?"

रुचिताने मान हलवली.  बाहेर सासूचं सुकट निवडणं चालू होतं, सुपड्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता उठावं.

तेव्हा आनंदी म्हणाली, "तुमाला एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी सांगायला मिळालंच न्हाय."

"काय?"

"दुपारी मी त्यांना जेवायला दिलं. तुमचाच डबा होता, सकाळचा. मऊ भात आणि वरण. दोन-तीन घास खाल्ले आणि नको म्हनाल्या. मग मला म्हनतात, सिस्टर, हे टाकून दे आणि डबा धुऊन ठेव. रुचिता आली की सांग, सगळं जेवल्या. न्हायतर ती ओरडेल मला."

रुचिताच्या तोंडून हसू आल्यासारखा आवाज निघाला आणि लगेच तिने ओढणी तोंडावर दाबून धरली.

"मी म्हटलं, बाई, तुमी टीचर, आणि खोटं सांगायला लावता मला?" आनंदी पुढे म्हणाली. "तर म्हनाल्या, गनिताची टीचर होते, मोरल सायन्सची न्हाय."

रुचिता रडायला लागली. आई गेल्यापासून ती अशी रडली नसावी, असं मला वाटलं. खांदे हलत होते, श्वास लागत होता. आनंदी आधी होती तिथेच बसून राहिली. मग उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पाठीवर हात ठेवला, नर्स ठेवते तसा, दाबून.

"केस पन विंचरले होते सकाळी," ती म्हणत होती. "तेल लावू का विचारलं तर म्हनाल्या, रुचिता लावते ते चांगलं लावते, तिलाच लावू दे."

मी बाहेर अंगणात येऊन उभा राहिलो. सासूने मला बसायला खुर्ची दिली आणि पोरगी कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, जी गेली तिची मुलगी. म्हातारीने सुकटातला खडा वेचून अंगणात टाकला आणि म्हणाली, "जेवून जा म्हनावं तिला."

जेवायला आम्ही थांबलो. रुचिताने थोडंच खाल्लं. निघताना तिने आनंदीचा नंबर घेतला, आणि आनंदीने आढेवेढे न घेता दिला. त्या दोघी पुढे भेटल्या का, मला माहीत नाही. रुचिताने मला नंतर फोन केला नाही, आणि मीही केला नाही. आनंदीला वरसाव्याकडच्या एका क्लिनिकमध्ये काम मिळालं, एवढं शिवाकडून कळलं. तिथे पेशंट ठेवत नाहीत, संध्याकाळी सातला बंद होतं.